पायताण

पहाटे चारला तुमची पायताणं करकरतात, मामंजी,
आणि अख्ख्या शुक्रवार पेठेला कळतं
हिंदुराव साळोखे गंगावेशीला निघाले.
म्हशीखालचं धारोष्ण, फेसासकट, उभ्यानं.
पन्नास वर्षं झाली.
नागा एकदाच, तीही तुम्हाला मान्य नाही.

मी आधी बातम्या लावल्या, आवाज वाढवून.
तुम्ही म्हणालात, "ह्यो बाबा कालबी ह्येच सांगत हुता."
मग पुण्याच्या वन्संना फोनवर रडायला लावलं.
तुम्ही त्यांनाच गप्प केलंत
आणि विचारलंत, जेवलीस का.
मग पिशवीचं दूध तापवून पेल्यात दिलं.
तुम्ही वास घेऊन मांजराकडं सरकवलंत.
मांजरानंही वास घेतला.

शेवटी पायताणंच लपवली.
वॉशिंग मशीनमध्ये, वर ओला टॉवेल.
तुम्ही अनवाणी निघालात.
तेव्हा मी उंबऱ्यात आडवी उभी राहिले,
लग्नाला बावीस वर्षं, सासऱ्याची वाट
पहिल्यांदा अडवली.
तोंडाला ओढणी होती म्हणून बरं,
ओठ थरथरलेले दिसले नसतील.

"माझी आजी सांगायची,
पलेगात उंदीर पडला की घराला कडी लावून
समदं गाव माळावर झोपड्या घालायचं.
गेल्या साली म्हापुरात बोटीतली पोरं वरडत हुती,
भाईर या, भाईर या.
आता म्हणताय आत ऱ्हावा.
एकदा काय त्ये नक्की ठरवा की."

हसू आलं, खोटं कशाला सांगू.
पण म्हापूर तुम्हीच काढलात.
अकराव्या पायरीला पाणी लागलं होतं,
आम्ही सगळी बोटीत,
आणि माडीच्या खिडकीतून तुम्ही सांगत होता,
साळोखे घर सोडत नसतो.
चार दिवस सोडलं नाहीत.
मग बसा की आता, मामंजी. तेच घर आहे.
तेव्हा पाण्यात बसलात, आता कोरड्यात बसा.

तुम्ही भिंतीला हात टेकलात.
बराच वेळ.
"तवा समोर बाबालाल हुता," म्हणालात.

समोरच्या माडीवर बाबालाल मुजावर, शिलाईवाले.
तेही बोटीत बसले नव्हते.
मधे गल्लीभर पाणी, त्यावरून दोरी,
दोरीला बादली, बादलीत एकच काडीपेटी,
आज इकडे, उद्या तिकडे.
पाणी उतरलं, भिंत पडली,
ते गंगावेशीमागं एका खोलीत गेले.
एकटे. कानानं कमी.
"मी न्हाई गेलो तर त्यो थितं हुबाच ऱ्हाईल."

दुसऱ्या दिवशी तुमच्याऐवजी मी गेले.
कट्टा रिकामा.
खुंटे, वाळलेलं शेण, पोलिसाची एक शिट्टी लांबून.
आठ दिवस झाले, एकही म्हैस आलेली नाही.
आणि बंद दुकानाच्या पायरीवर बाबालालचाचा,
हातात दोन रिकामे ग्लास.
मला बघून एक मागं लपवला.
"त्येला सांगा, यिऊ नगंस," ते म्हणाले.
"त्यो येतो म्हणून मला यावं लागतंय.
लई हट्टी हाय, लहानपणापास्नं."

आठ दिवस, मामंजी.
दुधाच्या नावाखाली.

आता चाचांच्या खोलीत माझा जुना मोबाईल आहे,
बटणाचा, मोठ्या आवाजाचा.
पहाटे चारला तुम्ही ओरडता,
"गेला न्हाईस न्हवं?"
तिकडून, "तू?"
"मी घरातच हाय."
"कशावरनं?"

मग तुम्ही पायताणं घालता
आणि स्वयंपाकघर ते माडी, माडी ते स्वयंपाकघर
करकरत फिरता, फोन पुढं धरून,
चाचांना ऐकू जावं म्हणून.
त्यांना काय ऐकू जातं कोण जाणे.
पेठ मात्र जागी होते.

मशीनमधल्या कपड्यांना अजून चामड्याचा वास येतो.
रात्री मी पायताणांना तेल लावून
अकराव्या पायरीवर ठेवते,
आणि अंथरूण उंबऱ्यापाशीच घालते.
राग मानू नका.
तुमचा भरवसा नाही.